मोंतेसाव्होची पाठमोरी बाकं

मोंतेसाव्होच्या टेकडीवर बस थांबली की मंडळी आधी स्वच्छतागृह शोधतात, मग कॅथेड्रल, आणि मग नाक मुरडतात. इटलीतली चौदा चर्चं नऊ दिवसांत उरकलेली असतात, प्रत्येकासमोर हात पसरून फोटो काढून झालेले असतात, त्यामुळे आपल्याला आता चर्चमधलं कळतं असा ज्याचा त्याचा समज झालेला असतो. इथे मात्र दर्शनी बाजूला ना संगमरवर, ना पुतळे, ना सोन्याचा वर्ख. घुमट देखणा, बाजूच्या भिंती डौलदार, आणि समोरची भिंत नुसती उघड्या विटांची, गिलावा करायचा राहून गेलेल्या घरासारखी. त्यात चौकातली दगडी बाकं सगळीच्या सगळी कॅथेड्रलकडे पाठ करून मांडलेली. बसलं की चौकाच्या पलीकडच्या कडेची एक कमरेएवढी पांढरी भिंत तेवढी दिसते. "बाकं उलटी लावलीत हो यांनी!" असं कुणीतरी म्हणतंच, आणि सिस्टर जेसिंता डाबरे त्याचीच वाट पाहत असतात.

सिस्टर मूळच्या वसईच्या. बावीस वर्षं इथल्या मठात आहेत. मराठी माणसं आली की गाइडला कॉफी प्यायला पाठवून त्या स्वतः गोष्ट सांगतात. त्यांनी ती मठातल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीकडून ऐकली, तिने तिच्या आजीकडून. "सरदाराची गोष्ट आत मिळते, कानाला यंत्र लावून, आठ भाषांत," त्या म्हणतात. "ती ऐकायची असेल तर आत जा. नुताची ऐकायची असेल तर इथे बसा." मंडळी बसतात, कारण पाय दुखत असतात.

फार वर्षांपूर्वी या टेकडीवर ओदेरिको नावाचा सरदार राहत होता, असं सांगतात. खालच्या खोऱ्यात महामारी आली तेव्हा हा शूर पुरुष वाड्याची दारं आतून लावून पलंगाखाली दडून बसला म्हणे. तिथेही ताप गाठायला आलाच. तेव्हा त्याला देव आठवला. वाचलो तर असं देऊळ बांधीन की शेजारच्या तिन्ही गावांचे डोळे दिपतील, असा नवस त्याने केला. वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून सिस्टरही देऊळच म्हणतात. नवसातसुद्धा या माणसाला देवापेक्षा शेजारची तीन गावं जास्त महत्त्वाची वाटली, हेही त्या सांगायला विसरत नाहीत.

सरदार वाचला. पण टेकडीचा कडा सरळ तुटलेला, वर वारा असा की माणूस परातीसकट उडावा. गवंडी कामावर यायला तयार होईनात. मग ओदेरिकोने सगळ्या गावाला जमवलं, जुन्या लहान देवळातल्या वेदीवर हात ठेवला आणि शपथ घेतली, "या कामावर ज्याचा जीव जाईल, तो देवळात माझ्या शेजारी निजेल." त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. देवळातली जागा थोरामोठ्यांची. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेलेल्यांतले वेदीजवळचे आधी उठतील आणि देवासमोर आधी उभे राहतील, अशी लोकांची श्रद्धा होती. गवंड्या-हमालांना गावाबाहेरचा खड्डा, त्यावर ना दगड ना नाव. शपथ ऐकून दुसऱ्या दिवशी दोनशे माणसं कामावर हजर झाली.

त्यांत ताद्देओ होता आणि त्याची बायको नुता होती. दोघं चुन्याच्या कामातले. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात भरून वर माती लोटायची आणि वाट पाहायची. चुना लोणच्यासारखा मुरावा लागतो. निदान तीन हिवाळे तरी हवेत. घाई केली तर न विरलेले कण आत राहतात, आणि भिंतीत गेल्यावर ओल पिऊन फुगतात. नुता बोटावर चुना घेऊन अंगठ्याने चोळायची आणि किती हिवाळ्यांचा आहे ते सांगायची. कधी चुकली नाही म्हणे.

देऊळ बांधायला चौदा वर्षं लागली आणि अकरा माणसं गेली. सातवा ताद्देओ. घुमटाभोवती बांधलेल्या परांचीवरून चुन्याची घमेली चढवताना फळी सरकली आणि तो खाली आला. नुता तेव्हा खड्ड्यापाशी गुडघाभर चुन्यात उभी होती. तिने हातपाय धुतले, त्याला चादरीत गुंडाळलं, आणि आधीच्या सहा जणांना ठेवलं होतं त्याच चौकाच्या कडेच्या चरात ठेवलं. तात्पुरतं, असं मुकादम बोनिफाचोने सांगितलं. फरशी झाली की सगळ्यांना आत न्यायचं. नुता रडली, पण तिच्या मनाला एक आधार होता. उभ्या जन्मात ताद्देओला कुणी खुर्ची दिली नव्हती. आता त्याला सरदाराच्या शेजारी जागा मिळणार होती.

फरशी झाली. तिच्याखाली आधी सरदाराची मावशी गेली, मग मेव्हणा, मग दोन चुलते. प्रत्येकावर संगमरवराची झोपलेली मूर्ती, हात जोडलेली, जन्मभर प्रार्थनाच करत असल्यासारखी. पुतण्या तर जिवंत होता, रोज दोन कोंबड्या रिचवत होता, तरी त्याचीही मूर्ती तयार करून जागा अडवून ठेवली होती. नुता वाड्यावर गेली आणि शपथेची आठवण दिली.

सरदार जेवायला बसला होता. त्याने मान वरही केली नाही. "चौक ओलांडला की ते आहेतच ना? पन्नास पावलं. पन्नास पावलांवर असतो त्याला शेजारीच म्हणतात," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हसला. ताटाभोवती बसलेले लाळघोटेही हसले. त्यांतल्या एकालाही तिच्याकडे बघून लाज वाटली नाही.

राहिली होती फक्त दर्शनी बाजू. दूरच्या डोंगरातून संगमरवराच्या फळ्या आल्या. सगळ्यांत मोठ्या फळीवर अक्षरं कोरली होती, 'ओदेरिकोने हे बांधले'. चौदा वर्षांत त्याने एक वीट उचलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. रोमहून एक कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, देवळाला आशीर्वाद द्यायला येणार असं कळलं, आणि सरदाराला घाई सुटली. सहा आठवड्यांत सगळा संगमरवर चढला पाहिजे. चुना हवा, तो आत्ताच्या आत्ता.

त्या वेळी दोन खड्डे होते. एक गेल्या पानगळीत भरलेला, पुरता कच्चा. दुसरा ताद्देओने मरण्याआधी भरलेला, नऊ हिवाळे मुरलेला, लोण्यासारखा. नुता बोनिफाचोला घेऊन पुन्हा वाड्यावर गेली.

"सरकार, नवा चुना कच्चा आहे. दगड धरणार नाही," ती म्हणाली. "जुना खड्डा माझ्या नवऱ्याच्या हातचा आहे. त्याला आणि बाकीच्या दहांना शब्द दिल्याप्रमाणे आत घ्या. मग तो खड्डा तुमचा."

सरदार संतापला. चुनेवालीने आपल्याला अटी घालाव्यात? "चुना म्हणजे चुना," तो ओरडला. "नवा आणि जुना! पांढरा असतो तेवढं मला कळतं. आहे तो लाव!"

"कच्चा लावू?" नुताने बोनिफाचोसमोर पुन्हा विचारलं.

"लाव म्हटलं ना!"

नुता परत आली आणि तिने सांगितलं तेच केलं. सहा आठवडे नव्या खड्ड्यातला चुना दर्शनी भिंतीवर चढत राहिला. सगळा गाव माना वर करून संगमरवराची शोभा बघत होता. त्याच दिवसांत भरदुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नुताने जुना खड्डा उघडला आणि चौकाच्या कडेला त्या अकरा जणांच्या चराभोवती विटांची कमरेएवढी भिंत बांधली. बोनिफाचो जेवणाच्या सुट्टीत तिला विटा द्यायला यायचा. भिंतीला आतून-बाहेरून तिने नऊ हिवाळ्यांच्या चुन्याचा हात दिला आणि तो कवडीसारखा चमकेपर्यंत घोटला. कुणी तिला हटकलं नाही, कारण कुणी तिच्याकडे बघतच नव्हतं.

कार्डिनल यायच्या आधी तीन दिवस पाऊस लागला होता. मिरवणूक चढून आली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. पुढे कार्डिनल, त्याच्यामागे नव्या मखमलीत घामाघूम झालेला ओदेरिको, मागे सगळं गाव. चौकात शिरताच कार्डिनल थांबला. देवळाकडे त्याने पाहिलंच नाही म्हणे. त्याची नजर त्या पांढऱ्या भिंतीवर गेली. "हे सुंदर काम कुणाचं?" त्याने विचारलं. माझंच, असं म्हणायला सरदार तोंड उघडणार, एवढ्यात लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू झाला.

दर्शनी भिंतीच्या आतून तडतड तडतड ऐकू येऊ लागली. मग सगळ्यांत वरची, नावाची फळी पुढे झुकली, क्षणभर अडखळली आणि खाली आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. कार्डिनल भिंतीपाशी थांबला नसता तर सगळी मिरवणूक त्या दगडांखाली सापडली असती. त्याला त्या अकरा जणांनीच थांबवलं, असं इथले लोक सांगतात. कुणालाही खरचटलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा देवळाच्या अंगावर नुसत्या विटा होत्या, दार ढिगाऱ्याने बुजलं होतं, आणि सरदाराची मखमल पांढरी झाली होती.

"हिने!" ओदेरिको किंचाळला. "या बाईने मला चुना लावला!"

"तुम्हीच म्हणालात लाव," नुता म्हणाली. "दोनदा विचारलं मी."

"विचारलं होतं. मी उभा होतो तिथे," बोनिफाचो म्हणाला. चौदा वर्षांत सरदारासमोर तो न विचारता पहिल्यांदाच बोलला होता. ही गोष्ट मराठीतच सांगावी, इटालियनमध्ये अर्धी मजा जाते, असं सिस्टर इथे म्हणतात, आणि मंडळी त्या दिवसातलं पहिलं खरं हसू हसतात.

आत जायला वाट नव्हती, म्हणून कार्डिनलने पांढऱ्या भिंतीवरच कापड अंथरलं आणि तिथेच प्रार्थना केली. लोक पडलेल्या फळ्यांवर बसले, त्या भिंतीकडे तोंड करून, आणि अर्थातच देवळाकडे पाठ करून. भिंतीच्या आत कोण आहेत असं कार्डिनलने विचारलं, तेव्हा नुताने अकराही नावं सांगितली. ती त्याने एकेक करून मोठ्याने उच्चारली. नुता तेव्हा तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली.

ओदेरिकोला मात्र झोप लागेना. तिन्ही गावं हसत होती. कार्डिनल रोमला जाऊन काय सांगेल, याचा त्याने धसका घेतला होता. चार दिवसांनी तो स्वतः नुताच्या भट्टीवर आला, जन्मात पहिल्यांदा, चिखलातून बूट उचलत. भोवती गावकरी जमले.

"झालं गेलं विसर," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला आत घेतो. अकराही जणांना घेतो. वेदीपासून दहा पावलांवर. तू मला मुरलेला चुना करून दे. लागतील तेवढे हिवाळे घे."

लोक नुताकडे बघू लागले. याच एका जागेसाठी ती वाड्यावर दोनदा गेली होती, दोनदा अपमान गिळून आली होती. तिने चुना ढवळायचं थांबवलं. मग तिने विचारलं, "आत कोण कोण आहे?"

सरदाराला वाटलं, बाई भारावली. तो ऐटीत सांगू लागला. "माझी मावशी आहे. माझे मेव्हणे. थोरले चुलते, धाकटे चुलते. पुढे पुतण्या येईल. आणि मधोमध मी."

नुताने सगळी नावं शांतपणे ऐकून घेतली. प्रत्येकाला ती ओळखत होती. मावशीने महामारीत विहिरीवर पहारा बसवून गावाचं पाणी तोडलं होतं. मेव्हण्याने ताद्देओ पडला त्या दिवशी काम थांबवू दिलं नव्हतं.

"मग नको," ती म्हणाली, आणि पुन्हा चुना ढवळू लागली.

ओदेरिको तसाच बूट उचलत परत गेला. त्यानंतर त्या दर्शनी भिंतीला चुना द्यायला खोऱ्यातला एकही चुनेवाला तयार झाला नाही. सरदार मेला तेव्हा त्याला ठरल्याप्रमाणे मधोमध ठेवलं. त्याचे नातेवाईक आजूबाजूला आहेतच. लोकांनी पडलेल्या फळ्या उचलून जिथे बसले होते तिथेच दगडांवर टेकवल्या, अक्षरांची बाजू वर करून. मंडळी ज्या बाकावर बसून हे ऐकतात त्याच्या अंगावर हात फिरवला तर 'ओदेरिको' अजून बोटाला लागतं. कुणी दचकून उठू लागलं तर सिस्टर खुशाल बसा म्हणतात.

आजही वर्षातून एकदा, संगमरवर पडला त्या दिवशी, मोंतेसाव्होचे लोक या बाकांवर येऊन बसतात. अकरा नावं वाचली जातात. मग फादर कॅथेड्रलचं मोठं दार सताड उघडतात, उंबऱ्यावर उभे राहतात आणि रीतीप्रमाणे विचारतात, "आत येता का?" गावातली सगळ्यांत म्हातारी बाई मान न वळवता विचारते, "आत कोण कोण आहे?" फादर थडग्यांवरची नावं एकामागून एक वाचून दाखवतात, पदव्यांसकट, एकही न गाळता. त्याला बराच वेळ लागतो. ती संपली की सगळा गाव पाठमोराच, एका आवाजात म्हणतो, "मग नको."