दोन मुठींची फळी

रान गावाच्या उंबऱ्यापर्यंत यायचं, तेव्हाची गोष्ट. झाड तोडायचं असलं की आदल्या सांजेला बुंध्याशी तांदूळ ठेवून "उद्या येतो, परवानगी दे" असं म्हणायची सुतारांची रीत होती. भिकोबा सुताराला एवढा धीर कुठला! त्याच्या बायकोला, रखमाला, भाजी चिरायला फळी हवी होती. त्याने कुऱ्हाड उगारली तसा फणस म्हणाला, "अरे, विचारलं नाहीस?"

"लाकडाला काय विचारायचं?" भिकोबा हसला आणि त्याने घाव घातला.

लाकूड चांगलं वाळल्यावर त्याने फळी केली, दोन्ही बाजूंना मुठी कोरल्या, घासून गुळगुळीत केल्या. फळी देखणी झाली. मुठी तेवढ्या हाताला कोमट लागत होत्या, माणसाच्या हातासारख्या. भिकोबाने तिकडे काणाडोळा केला.

रखमाने पहिला कांदा चिरला. फळीवर ओरखडासुद्धा उठला नाही. ओसरीवर बसलेल्या भिकोबाच्या तळहातावर मात्र बारीक लाल रेघ उमटली. मग तिच्याशेजारी दुसरी.

तो धावत आत गेला. "थांब! आधी त्या फळीला विचार!"

रखमाने भोपळा फोडायला कोयता उचलला होता. ती हसली. "अहो, लाकडाला काय विचारायचं?"