वस्तादांची पाठ

एकदा एक वृद्ध वस्ताद नदीकाठच्या एका गावात राहत असत. नाव बाळगोंडा. सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरू लागले होते. पण त्यांची एक गोष्ट पंचक्रोशीतल्या लहानथोरांना ठाऊक होती. उमेदीच्या तीस वर्षांत त्यांची पाठ मातीला लावील असा मल्ल निपजला नव्हता.

त्यांचा पट्टशिष्य हिंदूराव. तिशीचा, दारातून आत यायचं तर खांदे तिरपे करावे लागत असा. वसुबारसेच्या सकाळी तो आपला कुत्रा घेऊन वस्तादांच्या दारात उभा राहिला. कुत्र्याचं नाव भैरू. मागल्या उन्हाळ्यात उसाच्या फडात बिबट्या समोर आला, तेव्हा हा भैरू मालकाच्या पुढे होऊन भिडला होता. त्या झटापटीत त्याचा अर्धा कान गेला होता. आज मात्र त्याची मान साखळीने काचून रक्ताळली होती आणि शेपूट पायांत होतं.

"वस्ताद, ह्याची भीती मोडायची हाय," हिंदूराव म्हणाला. "बिबट्याला न भ्यालेलं जनावर, आन् पोरांच्या लवंगीला कापतंय. काल खांबाला बांधला आन् म्होरं फटाक्यांची माळ लावली. म्हटलं, सवय हुईल. तर साखळी तोडून पळाला. पहाटं ओढ्यापल्याड घावला. आख्खं गाव हसतंय मला."

वस्ताद बराच वेळ त्या जखमेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठेव हितं. लक्ष्मीपूजनाच्या सांजंला ये."

हिंदूरावाला वाटलं, आता वस्ताद आपल्या पद्धतीने मेहनत घेतील. तो रोज डोकावून जाई आणि गोंधळून परते. वस्ताद ऊन तापायच्या आत भैरूला नदीच्या वाटेने लांबवर फिरवून आणत, आणि नंतर त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. फाटकाची कडी त्यांनी बदलून घेतली. मधली खोली, जिला एकच खिडकी होती, ती रिकामी केली. खिडकीवर जाड वाकळ टांगली, पलंगाखाली घोंगडं अंथरलं, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. भैरूच्या गळ्यात मऊ कापडी पट्टा आला आणि त्याला पत्र्याची एक चकती. तिच्यावर खिळ्याने कोरलेला फोन नंबर. भीती घालवण्याचा एकही उपाय हिंदूरावाला त्यात दिसला नाही.

लक्ष्मीपूजनाचा दिवस आला. वस्तादांनी भैरूला दिवस मावळायच्या आधीच जेवू घातलं, फिरवलं आणि मधल्या खोलीत आणून सोडलं. मग तालमीत जाऊन पूजा केली. दरवर्षी पूजेनंतर ते रात्रीपर्यंत तिथे बसत. गाव पाया पडायला येई. त्या दिवशी त्यांनी आरतीचं ताट दुसऱ्या एका शिष्याच्या हाती दिलं आणि ते घराकडे चालू लागले. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. हिंदूराव त्यांच्या मागोमाग निघाला.

ते घरात शिरले, दार लावलं, आणि पहिला सुतळी बॉम्ब फुटला.

भैरू पलंगाखाली भिंतीला चिकटला होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि अंग असं थरथरत होतं की पलंगाची फळी वाजत होती. हिंदूरावाला ते पाहवेना. त्याने वाकून पट्ट्याला हात घातला. "ये भाईर! काय हुतंय तुला? ये!"

ज्या मालकासाठी भैरू बिबट्याला भिडला होता, त्याच्यावरच तो दात विचकून गुरगुरला. हिंदूरावाचा चेहरा पडला.

"पट्टा सोड त्याचा," वस्ताद हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी डोईचा पटका काढून कोनाड्यात ठेवला. भिंतीला धरून ते गुडघ्यांवर बसले, आणि मग त्या वृद्ध मल्लाने आपली पाठ जमिनीला टेकवली. उताणे होऊन, सरकत सरकत, ते पलंगाखाली गेले. त्यांनी भैरूला हाक मारली नाही, ओढलं नाही. एक हात त्याच्या बाजूला उघडा ठेवून ते नुसते पडून राहिले आणि संथ श्वास घेऊ लागले.

हिंदूरावाच्या अंगावर काटा आला. हिंदकेसरीच्या तयारीचे मल्ल जे करू शकले नव्हते, ते एका मुक्या जनावराच्या थरकापाने घडवलं होतं.

बाहेर माळा तडतडत होत्या. वस्तादांची छाती वर येई, खाली जाई. कितीतरी वेळाने भैरू हातभर पुढे सरकला. पुन्हा एक बॉम्ब. तो दचकला, पण मागे गेला नाही. शेवटी त्याने आपलं तोंड वस्तादांच्या छातीवर ठेवलं. थरथर थांबली नव्हती. कमी झाली होती. हिंदूरावाचे हात कधी जोडले गेले, ते त्यालाही कळलं नाही.

"वस्ताद," तो म्हणाला, "तुमची पाठ..."

"पाठ लागली की हार, ही आखाड्याची रीत हाय, घराची न्हवं," पलंगाखालून उत्तर आलं. "ऐक. बिबट्याला अंग असतं, वास असतो. तो कुठनं येतोय ते दिसतं, म्हणून त्याच्याशी लढता येतं. ह्या आवाजाला काय हाय? कुठनं येतो, कशापायी येतो, कवा थांबणार, ह्याला कोण सांगणार? ज्याला रूप न्हाई त्याच्याशी कुठला शूर लढंल? तू त्याला आवाजाम्होरं बांधून घातलंस. तुझ्यापायी जीव द्यायला निघालेलं जनावर, त्याला तू एकटं पाडलंस. भिणाऱ्याला आधी आडोसा लागतो, बाबा. आन् आडोशाला कुणीतरी संगती."

हिंदूराव खाली बसला. मग एकाएकी उठला.

"मी घरी जातो, वस्ताद. धाकटी लेक... चार वर्सांची हाय. फटाक्याच्या बारला लई भिते. 'पैलवानाची पोर न् रडती व्हय' म्हणून दटावून, हातात फुलबाजी देऊन तिला अंगणात हुबी करून आलोय."

"मग हितं काय करतोयस? पळ."

तो धावत घरी पोहोचला. अंगणात विझलेली फुलबाजी पडली होती. लेक स्वयंपाकघरात, धान्याच्या कणगीमागच्या फटीत अंग चोरून बसली होती. बापाला पाहताच तिने हुंदका आवळून धरला, कारण रडायचं नाही असं तिला बजावलेलं होतं.

हिंदूरावाने तिला बाहेर बोलावलं नाही. एवढा थोरला देह त्याने कणगीला टेकवून जमिनीवर बसवला, फटीच्या तोंडाशी हात उघडा ठेवला आणि तो म्हणाला, "मला बी भ्या वाटतंय गं. बसू का हितं?"

आतला कोंडलेला हुंदका मोकळा झाला. मग त्या भल्यामोठ्या तळव्यावर एक इवलासा, ओला हात येऊन टेकला.