किती पटीचा घ्यावा?

एकदा एक मोटारपंपांचा व्यापारी आपल्या जुन्या शिक्षकांकडे गेला आणि चपला काढता काढताच म्हणाला, “सर, सगळ्यात मोठा मायक्रोस्कोप कुठला मिळतो तेवढं सांगा. बाकी माझं मी बघतो.”

सल्ला मागायला जाणारी माणसं बहुधा निर्णय घेऊनच घराबाहेर पडतात. व्यापाऱ्यालाही सल्ला नकोच होता. एखाद्या जाणत्याची मान हललेली हवी होती. सरांनी मान काही हलवली नाही. “बस. कुणासाठी हवा आहे?” त्यांनी विचारलं.

“केतकीसाठी. धाकटी माझी. चौथीत आहे.”

मुलीचं नाव घेताना व्यापाऱ्याचा आवाज बदलला. शाळेत असताना विज्ञानाच्या तासाला तो खिडकीबाहेर बघत असे, आणि त्या काळात खिडकीबाहेरचंही त्याने फारसं काही पाहिलं नसावं. त्याच्या पोटी ही मुलगी आली ती मात्र ओट्यावर पालथी पडून मुंग्यांची रांग बघत बसणारी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात ती सुरवंट पाळी. जेवताना ताटावरून विचारी, “बाबा, गोगलगायीला दात असतात का हो?” व्यापाऱ्याला उत्तर येत नसे, पण प्रश्नाचंच त्याला इतकं अप्रूप वाटे की तो दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ऐकवी. गिऱ्हाइकांनाही उत्तर येत नसे. ती पंप घेऊन जात.

“घरी एक आहे ना? दसऱ्याला घेतलास म्हणून ऐकलं,” सर म्हणाले.

“आहे ना! बाराशे पट. खोक्यावरच छापलंय. पण तो लहान पडला तिला.”

“असं तिने सांगितलं?”

“सांगितलं नाही, पण मला कळतं ना. पहिल्या दिवशी बघितलं तेवढंच. आता हात लावत नाही. म्हणजे यंत्र कमी पडलं. मोटारीचंही तसंच असतं सर, ताकद कमी पडली की माणूस तिच्याकडे बघत नाही.”

सरांनी चष्मा पुसला आणि ते त्याच्याबरोबर त्याच्या घरी आले.

सूक्ष्मदर्शक दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, चांदीच्या गणपतीच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत उभा होता. दसऱ्याला दुकानातल्या पान्यांबरोबर त्याचीही यथासांग पूजा झाली होती. व्यापाऱ्याची थोरली बहीण मोठी भाविक. तिने हळदकुंकू वाहिलं ते नेमकं डोळा लावायच्या काचेवर. झेंडूचं फूल कुठे ठेवावं हे न कळल्याने खालच्या आरशावर ठेवलं. मग सगळा गोतावळा ओळीने त्यातून बघून गेला. केतकीचा नंबर पहिला होता. ती म्हणाली, “काही दिसत नाही.” सगळे हसले. “एवढं मोलाचं आणलं, आणि हिला दिसत नाही!” असं म्हणत आत्या पुढे झाली. तिने चष्म्यासकट डोळा लावला आणि लगेच म्हणाली, “अगो बाई, दिसतंय की! कसं लालसर, गोल गोल!” मग काकांना दिसलं, मामींना दिसलं, शेजारच्या वकिलांना तर जंतू हलताना दिसले. शेवटी केतकीला पुन्हा बोलावलं, तेव्हा तिलाही दिसलं.

हे सारं व्यापाऱ्याने सरांना कौतुकाने सांगितलं आणि तो चहाचं बघायला आत गेला. परत येताना त्याला ओट्यावरचं सरांचं आणि केतकीचं बोलणं ऐकू आलं.

“हल्ली मुंग्या बघत नाहीस वाटतं?”

“नाही.”

“का गं?”

मग अगदी बारीक आवाजात, “मला बघता येत नाही, आजोबा. सगळ्यांना दिसलं होतं. मलाच नाही.”

व्यापारी ट्रे घेऊन दारातच थबकला. पंपाच्या धंद्यात त्याने अनेक घाव सोसले होते, पण हा वेगळ्याच जागी लागला. कपाटातलं यंत्र त्याला एकदम वैऱ्यासारखं दिसू लागलं. तो बाहेर आला आणि म्हणाला, “उद्याच जाऊ आपण, सर. चांगला मोठा घेऊ. मग कसं दिसत नाही तेच बघतो!”

दुसऱ्या दिवशी तिघे शाळा-कॉलेजांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने व्यापाऱ्याच्या बोटातली अंगठी पाहिली आणि थेट वरच्या फळीकडे हात घातला.

“हे बघा शेठ. दोन हजार पट! कॉलेजवालेसुद्धा वचकून असतात याला. याच्यातून बघितलं तर देवही दिसेल.”

“आधी मुंगी दिसू दे,” सर म्हणाले.

दुकानदार हसला. सरांनी दिवा लावला, खिशातून रुमालात गुंडाळलेली एक काचपट्टी काढली, यंत्रावर नीट बसवली, खालीवर करायची चाकं सावकाश फिरवली आणि बाजूला झाले.

“तू बघ आधी,” ते व्यापाऱ्याला म्हणाले.

व्यापाऱ्याने एक डोळा मिटला. समोर उजेडाचा एक गोल होता, त्यात काही भुरकट हललं असं वाटलं आणि गेलं. मागे दुकानदार उभा होता, शेजारी मुलगी उभी होती, आणि समोर आयुष्यभर विज्ञान शिकवलेले सर. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

“वा! काय स्वच्छ दिसतंय!”

“काय दिसतंय?”

“पेशी. पेशीच ना त्या?”

“कशाच्या?”

“कांद्याच्या असाव्यात,” व्यापारी म्हणाला आणि सरांचा चेहरा पाहून पुढे म्हणाला, “किंवा पानाच्या.”

“अगदी बरोबर शेठ, पानाच्याच,” दुकानदाराने न बघताच दुजोरा दिला.

“आता केतकी बघेल.”

केतकी स्टुलावर चढली. तिने डोळा लावला. बराच वेळ ती तशीच राहिली. मग तिने डोळा काढला, बाबांकडे पाहिलं, पुन्हा लावला.

“मधोमध बघ बाळा,” व्यापारी हळूच म्हणाला. “दिसतंय ना?”

“दिसलं,” केतकी म्हणाली.

“काय दिसलं गं?” सरांनी विचारलं.

तिने मान खाली घातली. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “बाबांना दिसलं तेच.”

सरांनी काचपट्टी काढून व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवली. ती स्वच्छ होती. त्याने ती उजेडाकडे धरली, पालथी केली, नखाने खरवडूनही पाहिली. तिच्यावर काहीच नव्हतं. कांदा नव्हता, पानही नव्हतं. दुकानदाराला अचानक आतल्या खोलीत काही काम आठवलं.

“सर, ही तर थट्टा झाली,” व्यापारी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“तुझी थट्टा करायला मी एवढ्या उन्हात कशाला येईन?” सर म्हणाले. “मला सांग, विहिरीत पाणी जेमतेम पायरी बुडेल एवढं असेल, तर तू तिथे मोठी मोटार देतोस?”

“छे! ती पाणी ओढून संपवेल आणि कोरडी चालून जळेल.”

“मग? हे यंत्रही ओढतं. ते जितकं मोठं करून दाखवतं, तितकी थोडी जागा दाखवतं आणि तितका उजेड खातं. एवढ्या पटीला मुंगी ठेवलीस तर मुंगी दिसणारच नाही, तिच्या पायाचा एखादा काळा ठिपका मिळाला तर मिळाला. त्यासाठी वस्तूचा पातळ काप करता यावा लागतो, हात बसलेला लागतो. मुलांना ते जमत नाही. मोठ्यांनाही जमत नाही, पण मोठे तसं म्हणत नाहीत. मोठ्यांना सगळं दिसतं. मग मूल काय समजतं? दोष आपल्याच डोळ्यांत आहे. आणि ते आपल्यासारखंच बोलायला शिकतं. अरे, ‘दिसत नाही’ म्हणायची ज्याला लाज वाटली, त्याचं बघणं तिथेच थांबतं. दसऱ्याला तुमच्या घरात एकच माणूस खरं बोललं होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते सुधारलंत.”

व्यापाऱ्याने मुलीकडे पाहिलं. आपण तिला प्रेमाने काय दिलं, हे त्याला त्या क्षणी एखाद्या सूक्ष्मदर्शकाशिवायच स्पष्ट दिसलं.

सर दुकानदाराला हाक मारून म्हणाले, “तो खालच्या फळीवरचा काढा.”

“तो? काका, तो वीसच पट आहे. बियाणं तपासणारे नेतात. पोरीला भेट म्हणून द्यायला शोभायचा नाही.”

“शोभेसाठी कपाटात आहे एक,” सर म्हणाले.

ते बुटकं, धुळकट यंत्र टेबलावर आलं. त्याला दोन डोळे लावायच्या दोन नळ्या होत्या, खाली एक रुंद बैठक होती, वरून उजेड पडत होता. काप नको, काचपट्टी नको. वस्तू उचलायची आणि ठेवायची. केतकीने इकडे तिकडे पाहिलं. दुकानाच्या खिडकीच्या कडेला एक मेलेली मधमाशी पडली होती. तिने ती कागदाच्या तुकड्यावर घेतली आणि बैठकीवर ठेवली. चाक फिरवलं. थांबली. पुन्हा थोडं मागे फिरवलं.

मग ती इतका वेळ हलली नाही की दुकानदाराने दोनदा घसा साफ केला.

“आजोबा,” ती यंत्रातून डोळे न काढता म्हणाली, “हिच्या डोळ्यांवर केस आहेत.”

“डोळ्यांवर कसे असतील गं?” व्यापारी म्हणाला. “डोक्यावर असतील.”

“नाही. डोळ्यांवरच. डोळ्यांच्या आत लावल्यासारखे, उभे उभे.” आवाज आता बारीक नव्हता. “तुम्ही बघा हवं तर.”

व्यापाऱ्याने सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

तो वाकला. दोन नळ्यांना दोन डोळे लावले, तर त्याला दोन वेगवेगळे गोल दिसले आणि दोन्हींत एक एक तपकिरी डाग. केस नव्हते, डोळे नव्हते, धड मधमाशीही नव्हती. ‘वा’ त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. सवय जुनी होती.

“दिसले?” केतकीने विचारलं.

“नाही,” व्यापारी म्हणाला. “मला काही दिसत नाहीये. दोन दोन गोल आहेत नुसते.”

केतकी स्टूल ओढून त्याच्या अगदी जवळ आली.

“अहो बाबा, नळ्या एकमेकींपासून लांब आहेत तुमच्या. त्या धरून जवळ आणायच्या, दोन्ही गोल एक होईपर्यंत. अशा. झाला एक?”

“नाही.”

“घाई नका करू. आता?”

“अजून नाही. तू सांगत राहा,” बाबा म्हणाले आणि वाकलेलेच राहिले.