कोळिणीची किल्ली

कीटकांना आणि कोळ्यांना एकमेकांचं बोलणं कळायचं, त्या काळी एका वर्षी तुरीच्या फुलांवर अळ्या तुटून पडल्या. फुलंच संपली तर पोळं उपाशी मरणार, म्हणून झुंबर नावाची मधमाशी मदत मागायला बांधावर जाळं विणून राहणाऱ्या कोळिणीकडे गेली. पोळ्यात त्या कोळिणीला सगळ्या ‘विषारी बाई’ म्हणत.

“कळ्या-फुलांना माझं विष लावते,” कोळीण म्हणाली. “तुम्ही खुशाल या.”

“विष ते विष, मावशी. अळ्यांबरोबर आम्हीही मरू.”

“मग लांबून बघ.”

कोळिणीने विष लावलं, झुंबर लांबून बघत राहिली. कळ्या कुरतडणाऱ्या अळ्या थरथरल्या, आखडल्या आणि टपाटप खाली पडल्या. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि झुंबर विषाने ओल्या झालेल्या एका फुलावर आदळली. विष तोंडात गेलं. पंख मिटून ती मरणाची वाट बघत बसली. मरण काही आलं नाही. मकरंद मात्र नेहमीसारखाच गोड लागला.

“असं कसं, मावशी?”

“प्रत्येकाच्या अंगात एक कुलूप असतं, पोरी. माझी किल्ली अळीच्याच कुलपाला लागते.”

झुंबर त्या आठ पायांच्या बाईकडे बघतच राहिली. विष तर तिच्याही नांगीत होतं. बैल असो की वाट चुकलेलं कोकरू, ते कुणालाही डसायचं आणि वर डसणाऱ्या माशीच्याच जिवावर उठायचं.

संध्याकाळी पोळ्याच्या राखणदारणीने तिचे पाय हुंगले. “विषारी बाईकडे गेली होतीस?”

“नाही,” झुंबरने नांगी आत ओढून घेतली. “विषारी बाईच घरी परत आलीय.”