मनोऱ्याची मुहूर्तमेढ

आखणीची मधली खुंटी एकाच ठोक्यात जमिनीत गडप झाली! कोपऱ्यातल्या खुंट्यांनी गोंदाजी गवंड्याचा घाम काढला होता, आणि ही मात्र खिरीत चमचा जावा तशी गेली.

त्याची लेक भिवरा दचकलीच. "बाबा, खाली काहीतरी मऊ आहे. इथं सात मजली मनोरा? कलेल की!"

"हळू बोल! महाराज मागंच उभे आहेत."

राजा दुर्दमसेनानं ऐकलंच होतं. "कलला, तर तुझ्या बापाला त्याच मनोऱ्यावरून ढकलून देऊ!"

भिवराची जीभ काही थांबली नाही. "कललेल्या मनोऱ्यावरून ढकलावं कशाला लागतंय, महाराज? माणूस आपोआप घसरतो! त्यापेक्षा एक खड्डा खणून खालची माती बघू द्या."

"खड्डा? पायाभरणीच्या मुहूर्ताआधी इथं कुदळ लागणार नाही! खणायचं नाही, उकरायचं नाही. तसं न करताच जमिनीच्या पोटातलं दाखव. नाही दाखवलंस, तर मनोरा इथंच!"

गोंदाजीनं कपाळाला हात लावला. भिवरा पदराचं टोक पिळत राहिली, आणि एकदम म्हणाली, "महाराज, मनोऱ्याची मुहूर्तमेढ रोवली का?"

"कसली मेढ?"

"अगोबाई! लग्नाच्या मांडवाला मेढ लागते, आणि सात मजल्यांना नको?"

राजा पुरोहिताकडं वळला. "शास्त्रीबुवा, मेढ रोवणं म्हणजे खणणं का हो?"

"छे छे! ते तर मंगलकार्य!"

"मग आणा मेढ! आम्हीच रोवणार!"

छातीइतका उंच, टोकदार वासा आला. भिवरानं आधी कोपरा दाखवला. राजानं मोगरी हाणली. ठण्ण! वासा वीतभर जाऊन अडला.

"हा मुरूम, महाराज. आता मधली मेढ!"

मध्ये राजानं वाशावर सगळा भार टाकला. वासा सरसर आत गेला, वरचा कोरडा पापुद्रा फुटला, आणि वाशाला मिठी मारलेले महाराज कमरेपर्यंत खाली!

सगळे थिजले. शास्त्रीबुवांनी तर डोळेच मिटून घेतले.

"महाराज!" भिवरा ओरडली. "खाली काय लागलं?"

ती कडेला येऊन ओणवी झाली.

"महाराज, ओ द्या हो! काय लागलं?"

महाराजांनी चिखलात हात खुपसला आणि मूठ वर काढली. मुठीत काळा गाळ आणि शिंपले. पाठोपाठ गडगडाटी हसू!

"ओ! तळं लागलंय गं, बुजवलेलं तळं! मनोरा गोंदाजीच बांधेल, पण तिकडं, मुरमावर! आणि पोरी, हे सोन्याचं कडं तुझं. फक्त आधी कड्यासकट हात धर, आणि मला वर ओढ!"