तळाला न टेकणारं जाळं

सर्रर्र... आणि मग छप्प.

"एवढाच आवाज?" डोमाबुवांनी विचारलं.

"एवढाच," फागू म्हणाला. "मी लहान होतो. पाळीवर जांभळं वेचत होतो. बानं जाळं फेकलं, त्याचा आवाज झाला. वळून पाहिलं, तर बा नव्हता..."

तळ्याच्या बांधावर, या पाळीवरच, बुवांची झोपडी होती. गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांना जाळं फेकायला त्यांनीच शिकवलेलं. फागूच्या बापालाही त्यांनीच.

"पण ते जुनं झालं," फागू म्हणाला. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. आजचं बोला."

आजचं बोलण्यासारखं काही नव्हतं. सकाळपासून तो जाळं फेकत होता. ऊन कललं, तरी टोपली कोरडीच. बोटभर झिंगासुद्धा लागला नव्हता.

"तळ्यात मासाच उरला नाही बुवा. उद्या बायकोला घेऊन वीटभट्टीवर जातो. हे जाळं तुमच्या पायाशी ठेवतो."

"तळं सोडून आधी कोण गेलं म्हणायचं गा? मासे, की तू?"

फागूला राग आला. "माझ्यासारखं गोल जाळं गावात कोणी पाडून दाखवावं!"

"पडतं खरं. ताटासारखं पडतं. पण तळाला टेकायच्या आत ओढून घेतोस. मासा काय तुझं तोंड पाहायला वर येणार आहे?"

फागू दोरी गुंडाळू लागला.

"आणि दोरी दोन बोटांत का धरतोस? तिचा फास मनगटात अडकवायचा असतो ना?"

फास बापाच्या मनगटात होता. जाळं खाली कशात तरी अडकलं, पाय घसरला, आणि फास काही निघाला नाही. बापाला दुसऱ्या दिवशी दोरी कापून वर काढलं. जाळं मात्र खालीच राहिलं. तेव्हा पावसाचं पाणी चढलेलं होतं. आता वैशाखात तिथं छातीएवढंही पाणी नव्हतं. हे फागूला ठाऊक होतं. तरीही...

बुवांनी काटकीसारखा हात पुढे केला. "इथं बांध."

"काय?"

"फास. माझ्या हाताला बांध, आणि फेक."

"नको बुवा! ओढून नेईल तुम्हाला."

"कोण?"

फागूनं समोरच्या पाण्याकडे पाहिलं. बापाला तिथूनच वर काढलं होतं.

"बांध गा."

त्यानं बांधला. जाळं फेकलं. सर्रर्र... छप्प.

त्याचे हात सवयीनं दोरीकडे गेले. बुवांनी नको म्हणून नुसती मान हलवली. दोरी हळूहळू पाण्यात सरकत राहिली. मग दोरी थांबली.

"टेकलं," बुवा म्हणाले. "आता ओढ."

त्यानं ओढलं. जाळं येईना. पुन्हा ओढलं. दोरी ताणली आणि म्हातारा बसल्या जागेवरून हातभर पुढे घसरला.

"धरलं! बुवा, धरलं त्यानं!"

फागू धावला. त्यानं बुवांच्या मनगटातला फास काढला. आता दोरी सोडून दिली की झालं. पण ती त्याच्या हातून सुटेना.

बुवा मनगट चोळत बसले होते.

"अडकलेलं जाळं कसं काढायचं, काय शिकवलंय तुला?"

"ओढायचं नाही... दोरी धरून आत जायचं. हातानं सोडवायचं."

"मग?"

"बुवा, खाली कोणीतरी धरून बसलंय."

"असेल," बुवा म्हणाले. "जा, त्यालाच विचार... इतकी वर्षं कोणी कोणाला धरून ठेवलंय."

फागूनं फास आपल्या मनगटात अडकवला, आणि दोरी धरून तो जाळं सोडवायला पाण्यात चालत गेला.