लिंबाजी कासाराची कसोटी

"कविता बरी की वाईट हे कासाराला काय कळणार, असंच ना मास्तर?" लिंबाजी म्हणाला. "अहो, या पंचक्रोशीत माझ्याएवढा कवितेचा पारखी नाही!... आता मला वाचता येत नाही, तेवढं सोडा."

विश्वंभर मास्तरांनी काखेतली कवितांची वही काढली. हेडमास्तरकीतून निवृत्त झाले होते. उपदेशातून अजून नाही.

त्यांनी पोरांसाठी बेचाळीस विनोदी कविता रचल्या होत्या. शनिवारी शाळेत म्हणून दाखवल्या. सातवी कविता येईतो अर्धा वर्ग पाणी प्यायला गेला, आणि उरलेला अर्धा हात वर करून बसला.

मग कुणीतरी सांगितलं, लिंबाजीला विचारा. गाणी म्हणत बांगड्या भरतो, त्याच्यापुढं आजवर एक पोर रडलेली नाही. म्हणून स्वारी भर बाजारात, त्याच्या पालापुढं.

"आज काय ते सांगून टाका," मास्तर म्हणाले. "नसेल जमत तर वही बंबात घालतो. पुन्हा नाव काढणार नाही."

आवाज करडा होता. वही मात्र छातीशी घट्ट धरली होती.

लिंबाजीनं पुढ्यातल्या यमूचा हात धरला. सहा वर्षांची पोर, मावशीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला बसलेली, हात लाकडासारखा ताठ.

"म्हणा," लिंबाजी म्हणाला.

मास्तरांनी घसा साफ केला.

"पहाटे उठुनी नित्य मुलांनो
घासा दात नियमाने,
आळस ज्याच्या अंगी शिरला
तो बुडाला कर्माने!"

चार हिरव्या बांगड्या अंगठ्याच्या मुळाशी अडल्या त्या अडल्याच.

"ही विनोदी?" लिंबाजीनं विचारलं.

"विनोद शेवटच्या ओळीत आहे."

"असंल, असंल. दुसरी म्हणा."

दुसरी काटकसरीवर होती. यमूचा ओठ बाहेर आला. डोळे भरले.

मास्तर गडबडले. चाळीस वर्षांत पोरं रडवली पुष्कळ. पण त्यांच्या कवितेनं एखादी रडावी...

"लिंबाजी, तुम्ही म्हणा ना काहीतरी!"

लिंबाजी पालाचं छत बघत बसला.

"अगं, रडू नको... हे बघ..." वही खाली पडली. मास्तर धोतर सावरत यमूपुढं उकिडवे बसले. "म्हैस... म्हैस बसली पाटावर..."

यमूनं नाक ओढलं. "मग?"

"मग... शेपूट ठेवलं ताटावर!"

"ई! मग?"

"रेडा वाढी श्रीखंड..."

पुढं मास्तरांना काही सुचेना. कपाळावर घाम. ओठ नुसते हलताहेत.

"म्हैस म्हणे, ईईई... थंड!" यमू ओरडली आणि हसता हसता पार मागं कलंडली.

मास्तरही हसले. शेजारच्या पालातला मीठवाला वळून बघायला लागला, इतके.

यमू उठून बसली. मनगटावर चार बांगड्या किणकिणत होत्या. कधी गेल्या, तिलाच ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी वही उचलली, धूळ झटकली, पेन्सिल कानामागून काढली. दोन ओळी लिहिल्या... आणि थांबले. चेहऱ्यावर पुन्हा हेडमास्तर उमटला.

"पण लिंबाजी, यातून मुलांनी शिकायचं काय?"

लिंबाजीनं आणखी चार बांगड्या उचलल्या.

"मास्तर, दुसरा हात राहिलाय अजून."